हात कसा घडतो? अजिंठ्याची भिंत, संविधानाचे पान आणि चार चित्रवह्या

वसतिगृहाच्या शाळेत वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या शिक्षकाला एक गोष्ट अनुभवाने कळते. दर दोन-तीन वर्षांनी एखादे मूल असे येते, की त्याच्या वहीची मागची पाने पुढच्या पानांआधी भरतात. पुढून इतिहास आणि मागून चित्रे. अशीच एक वही आम्ही आठवीच्या वर्गात, सातवाहनांचा पाठ चालू असताना, एका मुलीकडून काढून घेतली होती. मागच्या पानावर मोहफुले वेचणारी एक वाकलेली बाई होती. तिचा चेहरा दिसत नव्हता. पाठ, टोपली आणि जमिनीला टेकत आलेला हात एवढेच होते. ती वही आम्ही दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवली, मुलीला समज दिली आणि परत केली. चित्र कसे काढले आहे, हे पाहण्याची गरज त्या वेळी आम्हांला वाटली नाही.

ती मुलगी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका गोंड कुटुंबातली. पुढे तिने उपयोजित कलेचे पदवीपर्यंतचे शिक्षण घेतले. गेल्या उन्हाळ्यात ती शाळेत आली, तेव्हा तिच्या पिशवीत चार चित्रवह्या होत्या. प्रत्येक वर्षाची एक. स्मरणिकेसाठी काही लिहून दे, असे आम्ही तिला सुचविले. ती म्हणाली, "सर, मला लिहायला जमत नाही. हात कसा घडला ते या वह्यांत आहे. तुम्हीच वाचा आणि तुम्हीच लिहा."

आम्ही त्या वह्या क्रमाने पाहिल्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याला सवयच असते, त्याप्रमाणे एका मुलीच्या चार वर्षांत आम्हांला या देशातील चित्रशिक्षणाचा एक मोठा पट दिसू लागला. तो पट माजी विद्यार्थ्यांपुढे आणि विशेषतः पालकांपुढे ठेवावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

बोधचित्र म्हणजे काय?

प्रथम एक शब्द स्पष्ट केला पाहिजे. ही मुलगी जी कला शिकली तिला कलाशाळांत 'इलस्ट्रेशन' म्हणतात. मराठीत त्यासाठी बोधचित्र, कथाचित्र, रेखाटन असे शब्द वापरले जातात. भिंतीवर टांगण्यासाठी काढलेले चित्र स्वतःपुरते उभे असते. बोधचित्र मात्र कोणत्या तरी मजकुराच्या सोबतीला येते. बालभारतीच्या पुस्तकातले चित्र, दिवाळी अंकातल्या कथेवरचे रेखाटन, कादंबरीचे मुखपृष्ठ, आरोग्य खात्याचा भित्तिफलक, ही सर्व बोधचित्रेच होत. आपल्या झाडीपट्टीत वडसा परिसरातील नाटकांचे रंगविलेले पडदे आणि १४ एप्रिलला चौकाचौकांत लागणारे हाताने रंगविलेले फलक यांनाही आम्ही याच कुळात धरतो. जे शब्दांनी सांगितले आहे ते डोळ्यांपर्यंत पोहोचविणे, आणि जे शब्दांत राहून गेले आहे त्याची आठवण करून देणे, हे या कलेचे काम आहे.

पहिली वही: नक्कल

पहिल्या वर्षाची वही पाहून आम्ही थोडे निराश झालो. तिच्यात सर्व काही दुसऱ्यांचे होते. मासिकांतील चित्रांच्या नकला, पाश्चात्त्य पुतळ्यांच्या नकला, अजिंठ्यातील पद्मपाणीची तर सात वेळा केलेली नक्कल. पहिल्या पद्मपाणीचे डोळे बाहुलीसारखे होते; सातव्याच्या पापण्या खाली झुकल्या होत्या आणि मानेला किंचित वळण आले होते. या दोहोंमध्ये पाच महिन्यांचे अंतर होते.

नक्कल हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो. परंतु हात घडविण्याची ही जुनी रीत आहे, आणि महाराष्ट्रातील तिचे सर्वांत मोठे उदाहरण अजिंठ्याचेच आहे. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. तेथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम हाती घेतले. मधे खंड पडत ते १८८५ पर्यंत चालले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी अंधाऱ्या विहारांत बसून दीड हजार वर्षांपूर्वीच्या रेषेमागे आपली रेष नेत होते. त्याआधी १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी अशाच प्रती केल्या होत्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या बऱ्याच प्रतीही १८८५ मध्ये लंडनमधीलच आगीत नष्ट झाल्या. उरलेल्या कामावरून १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ निघाला.

प्रती जळाल्या, पण त्या करताना जे हात तयार झाले ते जळाले नाहीत. नकलेचा खरा उपयोग हाच असतो. कागदावर उरते ते दुय्यम, हातात उरते ते महत्त्वाचे. पद्मपाणीचा ओठ काढताना मुलाला कळते की मूळ चित्रकाराने तेथे हात उचललेलाच नाही. एका श्वासात रेष पुरी केली आहे. पुस्तक वाचून हे कळत नाही.

नकलेला एक काळी बाजूही आहे. चित्रे नीट दिसावीत म्हणून त्या काळात भिंतींवर व्हार्निश लावले गेले. पुढे तेच पिवळे-काळे पडले आणि मूळ चित्रांना त्याने अपाय केला. ज्याची नक्कल करायची त्याच्याविषयी आदर नसेल, तर शिकणारा मूळ ठेव्याचेच नुकसान करतो, हा धडा येथे आहे.

वैदर्भीय वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. अजिंठ्यातील पद्मपाणीसह बहुतेक प्रसिद्ध चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील आहेत. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. ज्या कलेला आपण दूरची समजतो, तिची राजधानी आपल्याच विदर्भात होती.

दुसरी वही: समोर बसून पाहणे

पहिल्या वर्षाच्या अखेरीस तिला एका शिक्षकांनी विचारले, "हात सफाईदार झाला आहे. पण या चित्रांत तू कुठे आहेस?" या प्रश्नाने ती खचली. सुट्टीत गावी आली ती परत न जाण्याच्या विचाराने. वडिलांनी रंग आणि कागदासाठी उसने पैसे काढले होते. ते वाया गेले असे तिला वाटत होते. दुसऱ्या वहीची पहिली वीस पाने कोरी आहेत. ती तिने मुद्दाम तशीच ठेवली आहेत.

एकविसाव्या पानावर एक बैल आहे. त्याच्या पुढे तोच बैल, मग त्याच बैलाचे खूर, वशिंड, गळ्याची पोळी. घरी बसून करायला दुसरे काही नव्हते, म्हणून तिने गोठ्यातला बैल पंधरा दिवस काढला. परत गेल्यावर बसस्थानक, भाजीबाजार, दवाखान्याची रांग. दुसरी वही संपूर्णपणे समोर बसून काढलेल्या चित्रांची आहे.

येथे आम्हांला दीनानाथ भार्गव यांची आठवण झाली. वरुड-मोर्शीच्या पलीकडे, मध्य प्रदेशातील मुलताई हे त्यांचे गाव. १९२७ मध्ये जन्मलेले भार्गव शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी होते. भारतीय संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजविण्याचे काम नंदलालबाबूंकडे आले, तेव्हा सारनाथच्या अशोकस्तंभाचे शीर्ष रेखाटण्याचे काम त्यांनी या तरुण विद्यार्थ्याकडे सोपविले. शीर्षावर सिंह आहेत. गुरूने शिष्याला सांगितले, आधी जिवंत सिंह पाहा. भार्गव कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन कित्येक दिवस सिंहांचे चालणे, बसणे, आयाळ आणि मुद्रा न्याहाळीत राहिले. मग त्यांनी अशोकाचा सिंह काढला.

वास्तविक त्यांना दगडातल्या सिंहावरून दगडातलाच सिंह काढायचा होता. तरीही गुरूने त्यांना खऱ्या सिंहापुढे उभे केले. नक्कल आणि निरीक्षण यांतील फरक यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही. नकलेतून दुसऱ्याने घेतलेले निर्णय कळतात. निरीक्षणातून स्वतःचे निर्णय घेण्याची सवय लागते.

तथागतांच्या शिकवणीत अप्रमादाला मोठे स्थान आहे. सावध राहणे, समोर आहे ते आहे तसे पाहणे. पंधरा दिवस एकच बैल काढणारी मुलगी, तिला त्या शब्दाची ओळख असो वा नसो, अप्रमादाचाच अभ्यास करीत होती.

तिसरी वही: मजकुराच्या शेजारी

तिसऱ्या वर्षी खरे बोधचित्र सुरू होते. तिला बाबासाहेबांच्या लहानपणीचा एक प्रसंग अभ्यासासाठी मिळाला. १९०१ साली भीमराव आपल्या भाऊ व भाच्यांसह वडिलांकडे कोरेगावला निघाले होते. मसूर स्थानकावर उतरल्यावर जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, पण ती मुलांनीच हाकायची या अटीवर. सोबत भरपूर जेवण होते. पाणी मात्र कोणी दिले नाही, आणि पाण्याविना मुलांना उपाशी निजावे लागले.

वहीत या प्रसंगाची अकरा कच्ची चित्रे आहेत. पहिल्या काही चित्रांत सर्वच आहे: स्थानक, गाडी, गाडीवान, रडणारी मुले, हात झटकणारा माणूस. ती मजकुराची पुनरुक्ती करतात. वाचकाला जे आधीच कळले आहे तेच पुन्हा दाखवितात. हळूहळू एकेक गोष्ट गळत जाते. अकराव्या चित्रात रात्र आहे, एक कंदील आहे आणि न उघडलेली जेवणाची टोपली आहे. तहान दाखविण्यासाठी तिने पाण्याचे भांडेही काढलेले नाही. आम्ही हा प्रसंग वर्गात किती वेळा सांगितला असेल, त्याची गणती नाही. पण ती भरलेली टोपली आम्हांला कधी दिसली नव्हती.

चित्राने मजकुराच्या शेजारी कसे उभे राहावे, याचा वस्तुपाठ आपल्या संविधानाच्या मूळ प्रतीतच आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेला आणि संविधानसभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेला हा मजकूर. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी त्याची इंग्रजी प्रत हाताने लिहिली, आणि नंदलाल बोस व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती सजविली. संविधानाचे २२ भाग होते. भागांच्या आरंभी चित्रे आली. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील वृषभ, बुद्धचरित्रातील प्रसंग, सम्राट अशोकाने केलेला धम्मप्रसार, नालंदा विद्यापीठ, पुढे शिवाजी महाराज, टिपू सुलतान, दांडीयात्रा, हिमालय आणि समुद्र. कलमांच्या मजकुरात यांपैकी कोणाचेही नाव नाही. चित्रकाराने कायद्याचे भाषांतर केले नाही. कायदा ज्या लोकांसाठी आहे त्यांचा इतिहास त्याच्या शेजारी ठेवला. कोणता प्रसंग निवडायचा आणि कोणता गाळायचा, याविषयी आज आपले मतभेद होऊ शकतील. ते व्हावेतही. कारण बोधचित्रातील प्रत्येक निवड हे एक मत असते.

चौथी वही: आपली रेघ

चौथी वही उघडताच आम्ही थांबलो. रेघ बदलली होती. आकृत्यांच्या आत ठिपके, मासोळीच्या खवल्यांसारख्या ओळी, बियांसारखी भरण. घराच्या भिंतीला पांढरी माती लावून तिची आजी बोटांनी जी नक्षी काढीत असे, ती आता कागदावर उतरली होती.

हे घडले एका पुस्तकामुळे. दिल्लीच्या नवयाना प्रकाशनाने २०११ मध्ये 'भीमायन' हे बाबासाहेबांचे चित्रचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. दुर्गाबाई मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्याच्या. सणासमारंभाला भिंतीवर व जमिनीवर काढावयाची 'डिग्ना' नक्षी त्या लहानपणी आजीकडून शिकल्या. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाना वाजवून कुळांच्या कथा सांगणारे. १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनामुळे पाटणगढचे जनगढसिंह श्याम प्रकाशात आले आणि गाण्यातल्या त्या कथा कागदावर व कॅनव्हासवर उतरू लागल्या. त्यांच्या मागून आलेल्या पिढीत व्याम दांपत्य आहे. २०२२ मध्ये दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली.

'भीमायन'मध्ये चौकटी नाहीत. चित्रकथेची पाने एरवी चौकोनी खणांत बांधलेली असतात. या दोघांनी आपली पात्रे खणांत कोंडण्यास नकार दिला आणि डिग्नाच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागले. संवादाचे फुगेही त्यांनी आपल्या पद्धतीने घडविले. सौम्य, माणुसकीचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. जातीचे विष ओकणाऱ्याच्या बोलण्याला विंचवाची नांगी असते. ज्याला अक्षर वाचता येत नाही, अशा माणसालाही कोण कसे बोलत आहे ते कळते.

आमच्या विद्यार्थिनीने ग्रंथालयात हे पुस्तक पाहिले, तेव्हा तिला काय वाटले असेल? ती एवढेच म्हणाली, "सर, आमच्या घरची रेघ पुस्तकात येऊ शकते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं." सांगणारांत आम्ही होतो. इतकी वर्षे बाबासाहेबांची गोष्ट आम्ही तिला सांगितली, पण ती गोष्ट तिच्या आजीच्या भाषेतही सांगता येईल, असे आमच्या मनात आले नव्हते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, ती भूमी आणि ज्यांच्या राजांनी हे शहर वसविले ते गोंड, हे दोन इतिहास आपल्या जिल्ह्यांत शेजारी नांदतात. तिच्या चौथ्या वहीत ते एका पानावर आले आहेत.

एक सावधगिरीची सूचना तिनेच दिली. आजीची नक्षी कागदावर आणली म्हणजे काम झाले, असे नव्हे. व्याम यांची भरण त्यांची आहे. परधान चित्रकारांत प्रत्येकाची भरणीची खूण वेगळी असते. ती उचलली तर पुन्हा पहिल्या वहीकडे जाणे होईल. म्हणून ती अजून शोधते आहे.

नाव आणि पोट

येथपर्यंत वाचून पालकांच्या मनात जो प्रश्न आला असेल, तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. यावर पोट भरते का?

खरे उत्तर असे, की नोकरीसारखी निश्चिती यात नाही. पाठ्यपुस्तके, बालसाहित्य, वृत्तपत्रे, जाहिराती, ॲनिमेशन यांत काम मिळते; पण ते तुकड्यातुकड्यांनी मिळते. कलाशिक्षक होण्याचा मार्ग वेगळा आहे आणि अनेकांना तो अधिक भरवशाचा वाटतो. या मुलीनेही पहिले वर्ष फलक रंगवून काढले. आज ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते आणि उसने पैसे फिटले आहेत. यापेक्षा मोठा दावा आम्ही करीत नाही. यंत्र क्षणात चित्र काढून देते, मग माणसाचे काय, असेही आता विचारले जाते. यंत्राला तेच येते जे पूर्वी पुष्कळदा काढले गेले आहे. आपल्या गावांची, आपल्या माणसांची चित्रे मुळात निघालीच किती?

पोटाइतकाच महत्त्वाचा प्रश्न नावाचा आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. तेथे राबलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा ग्रिफिथ्स यांचे नाव मोठे झाले. संविधानाच्या उद्देशिकेचे पान सजविणारे जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी नक्षीत 'राम' एवढी बारीक सही ठेवली. 'भीमायन'वर मात्र दोन्ही गोंड चित्रकारांची नावे ठळक आहेत. कारागिराला नाव नसणे हा योगायोग नव्हता. ज्या समाजव्यवस्थेने हाताचे काम हलके ठरविले, तिचाच तो परिणाम होता. म्हणून आपल्या मुलांना आमचे सांगणे आहे: चित्राखाली नाव लिहा, मोबदला आधी ठरवा, कागदावर ठरवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्रकाराला त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे हक्क दिलेला आहे.

शाळेने आणि घराने काय करावे?

पहिली गोष्ट परीक्षांची. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा मुलांना शाळेत असतानाच देता येतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांची शिस्त त्यांतून लागते, आणि दहावीला सवलतीचे गुणही मिळतात. बारावीनंतर पदवीसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा आधार आहे. अर्ज वेळेत भरणे एवढेच आपल्या हाती असते, आणि तेथेच आपली मुले मागे पडतात.

दुसरी गोष्ट पाहण्याची. भद्रावतीच्या विजासन लेण्यांत आम्ही दरवर्षी सहल नेतो. मुले अर्ध्या तासात फोटो काढून बाहेर येत. या वर्षी आम्ही प्रत्येकाला एक कागद व पेन्सिल दिली आणि बुद्धमूर्तीसमोर अर्धा तास बसविले. डोंगरात सरळ आत गेलेला तो मार्ग, टोकाशी बसलेले बुद्ध, आणि बाजूच्या दोन फाट्यांतही तसेच बसलेले बुद्ध. चित्रे बहुतेक वाकडीतिकडी झाली. पण सहावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, आत एवढा अंधार आहे, तर मूर्ती कोरणाऱ्याला उजेड कुठून मिळाला?" इतक्या वर्षांच्या सहलींत हा प्रश्न आम्हांला कोणी विचारला नव्हता. आम्हीही तो स्वतःला विचारला नव्हता.

तिसरी गोष्ट माजी विद्यार्थ्यांसाठी. छापखान्यात, कार्यालयात एका बाजूने कोरे उरलेले कागद असतात. ते शाळेकडे पाठवा. घरातील आजीला भिंतीवरची नक्षी येत असेल, तर तिला एक दिवस शाळेत घेऊन या. वसतिगृहाच्या भोजनगृहाची उत्तरेकडील भिंत या वर्षापासून मुलांसाठी मोकळी ठेवली आहे.

जाताना त्या मुलीने आम्हांला चौथ्या वहीचे शेवटचे पान दाखविले. मोहफुले वेचणारी, पाठमोरी बाई. तीच टोपली, तोच जमिनीला टेकत आलेला हात. आठवीतले चित्र तिने पुन्हा काढले होते. मूळ वही हरवली आहे, असे ती म्हणाली. तिची चित्रवही आम्ही दोन्ही हातांनी परत केली. आता वर्गात मागची पाने भरलेली दिसली, की आम्ही वही मागून घेतो, चित्र नीट पाहतो आणि तास संपण्यापूर्वी ती परत देतो.